हत्तींच्या पुनर्वसन केंद्राला एका दिवसाची भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोडवून आणलेले हत्ती बघायला लोकांना घेऊन जायचं काम मी करते. निघायच्या आदल्या रात्री फोनवर येणारे प्रश्न ठरलेले असतात. परतीच्या गाडीत येणारे प्रश्न वेगळेच असतात. दोन्ही इथे एकत्र केले आहेत.

पुनर्वसन केंद्र म्हणजे अभयारण्यच ना?

नाही, आणि हा फरक आधी समजून घेतला तर पुढचे निम्मे प्रश्न पडत नाहीत. अभयारण्य म्हणजे कायद्याने राखलेलं जंगल. तिथले हत्ती रानटी, कुणाच्याच मालकीचे नाहीत; दिसले तर आपलं नशीब. पुनर्वसन केंद्रातले हत्ती माणसाच्या हाताखालून आलेले असतात. कुणी सर्कशीत होता, कुणी लाकडाचे ओंडके ओढायचा, कुणी रस्त्यावर भीक मागायची, कुणी पर्यटकांना पाठीवर घेऊन दिवसभर चढ चढायची. बहुतेक जण म्हातारे, बरेचसे पायाने अधू, काही आंधळे. उरलेली वर्षं त्यांनी कामाविना, साखळीविना आणि जमल्यास इतर हत्तींच्या सोबतीत काढावीत, एवढ्यासाठी ही जागा असते.

नावात ‘सँक्चुअरी’ आहे म्हणजे केंद्र चांगलंच असणार?

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण या धंद्याला जितकी लागू पडते तितकी खुद्द हत्तीलाही पडत नसेल. ‘सँक्चुअरी’, ‘रेस्क्यू’, ‘एथिकल’ हे शब्द पाटीवर रंगवायला बहुतेक ठिकाणी कुणाचीही परवानगी लागत नाही.

यामागे थोडा इतिहास आहे. थायलंडमध्ये १९८८ च्या भीषण पुरानंतर १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी आली. बंदी योग्यच होती, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. हत्तीचं पोट काही बंदी पाळत नाही. मग ते शहरांच्या रस्त्यांवर आले, नाहीतर पर्यटनात शिरले: सफारी, खेळ, सोंडेने चित्र काढणं. पुढे सफारी बदनाम झाली, तशी काही छावण्यांनी हौदे उतरवले, पाटी बदलली आणि त्याच हत्तींना पर्यटकांकडून आंघोळ घालायला सुरुवात केली. वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन या संस्थेने आशियात पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या सुमारे ३ हजार हत्तींची पाहणी करून २०१७ मध्ये अहवाल दिला. दर चारांपैकी तीन हत्ती वाईट अवस्थेत जगत असल्याचं त्यात आढळलं.

मग खरं केंद्र ओळखायचं कसं?

माझी एकच कसोटी आहे: हत्तीला तुमच्याकडे पाठ फिरवून निघून जायची मुभा आहे का? बाकी सगळं त्यातून निघतं.

बुकिंगच्या आधी केंद्राला लिहून विचारा की हत्ती त्या दिवशी पुढे आलेच नाहीत तर काय. ‘काळजी नको, आम्ही बोलावून आणतो’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. ‘मग नाही दिसणार’ असं रोखठोक उत्तर आलं तर पैसे भरायला हरकत नाही. मग विचारा की प्रत्येक हत्ती कुठून आणि कधी आला. खऱ्या केंद्रात हे विचारलं की लोक थांबतच नाहीत. कुणाच्या पायात काय रुतलं होतं, कुणाला तांदूळ आवडत नाही, इथपर्यंत सांगत बसतात. खोट्या ठिकाणी सगळ्या हत्तींची कहाणी एकच असते आणि ती एका वाक्यात संपते. रात्री हत्ती कुठे असतात, हेही विचारा. दिवसा मोकळे आणि रात्री आखूड साखळीला, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो.

ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्चुअरीज ही २००७ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा केंद्रांची तपासणी करून मान्यता देते. मान्यता असली तर उत्तम. नसली म्हणजे केंद्र खोटंच असं नाही. छोट्या जागांना तेवढी कागदपत्रं जमवणं झेपत नाही.

हत्तीवर बसता येईल का?

नाही. जिथे येतं तिथे जाऊ नका.

‘एवढा मोठा प्राणी, माझं वजन त्याला काय कळणार?’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. एक माणूस बसल्याने हत्तीचा कणा मोडत नाही, हे खरं. पण त्याच्या मणक्यांची टोकं वरच्या बाजूला निघालेली असतात आणि त्यांच्यावर मांसाची गादी फार थोडी. त्यावर जड हौदा, हौद्यात दोन-तीन माणसं, आणि हौदा सरकू नये म्हणून छातीखालून आणि शेपटीखालून आवळलेले दोर. तास न् तास, रोज. केंद्रात आलेल्या म्हाताऱ्या हत्तिणीच्या शेपटीखाली दोराचे वळ बोटाने चाचपता येतील इतके खोल असतात.

तरी माझ्या मते मुद्दा पाठीचा कमी आणि त्याआधी जे झालं त्याचा जास्त आहे. हत्ती हा गाय-घोड्यासारखा पाळीव प्राणी नव्हे. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याची जात घडवलेली नाही. प्रत्येक हत्ती नव्याने माणसाळवावा लागतो. पारंपरिक पद्धतीत त्यासाठी पिल्लाला आईपासून तोडून लाकडी खोड्यात जखडतात, उपाशी ठेवतात, झोपू देत नाहीत, मारतात. थायलंडमध्ये या प्रकाराला ‘फाजान’ म्हणतात. पाठीवर अनोळखी माणूस चढत असताना हत्ती निमूट उभा राहतो, तो तेव्हा शिकलेला धडा असतो.

निदान आंघोळ तरी घालू द्या!

या विनंतीवर नाही म्हणताना माझंही मन कचरतं, कारण दहा वर्षांपूर्वी चांगली चांगली केंद्रंही हे करू देत होती. आता त्यातली बरीच थांबली आहेत.

हत्ती स्वतः पाण्यात जातो, डुंबतो आणि बाहेर आला की लगेच अंगावर माती उडवतो. तो मातीचा थर त्याला ऊन आणि माश्यांपासून वाचवतो. सकाळपासून चार गटांनी येऊन ब्रशने तो थर धुऊन काढला, तर हत्तीच्या दृष्टीने त्यात स्वच्छता कुठली? आणि धोका वेगळाच. पाण्यात निसरड्या दगडांवर उभे असताना तीन-चार टनांचं जनावर नुसतं वळलं तरी तुम्हाला पळायला जागा नसते. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमध्ये हत्तिणीला आंघोळ घालताना एका पर्यटक तरुणीचा जीव गेला.

चिखलात लोळणारा हत्ती वीस पावलांवरून बघा. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो वीस मिनिटंही लोळतो आणि कधी दोनच मिनिटांत कंटाळून निघून जातो.

खाऊ घालता येतो का?

काही केंद्रांत येतो, पण मध्ये मजबूत कठडा असतो आणि काय द्यायचं ते केंद्र ठरवतं. काही ठिकाणी तुम्ही फक्त चारा कापून, टोपल्या भरून ठेवायच्या. हत्ती नंतर येऊन खातात. मला हा दुसरा प्रकार जास्त पसंत आहे. सतत हातातून केळी मिळायला लागली की हत्ती माणसाच्या खिशाकडेच बघत राहतो.

टोपल्या भरताना एक गोष्ट नक्की दिसेल: काही हत्तींचा चारा बारीक चिरलेला, उकडलेला, लाडवासारखा वळलेला असतो. हत्तीला आयुष्यात दाढांचे एकूण सहा संच येतात. एक झिजला की मागून दुसरा पुढे सरकतो. सहावा झिजला की संपलं. रानातला म्हातारा हत्ती त्यानंतर बहुधा उपासमारीनेच जातो. केंद्रात मात्र तुम्ही भोपळ्याचे बोटभर तुकडे करत बसता, म्हणून साठी ओलांडलेली हत्तीण जेवते. हात भरून येतात. कुरकुर करायची नाही.

दिवसभर नेमकं काय होतं?

फारसं काही होत नाही, हे आधीच सांगते. सकाळी माहिती आणि नियम, मग चाऱ्याची तयारी, मग चालत किंवा मचाणावरून हत्ती बघणं, जेवण, आणि दुपारी जमलं तर पायांची शुश्रूषा. हत्ती दिवसाचे १६ ते १८ तास खाण्यातच घालवतो, तेव्हा तुम्हाला जास्तीत जास्त काय दिसणार? खाणारा हत्ती. पहिला अर्धा तास लोक फोटो काढतात, पुढचा अर्धा तास चुळबुळ करतात, आणि त्यानंतर कुठे बघायला लागतात. एक हत्तीण गवताची पेंडी उचलते, पुढच्या पायावर दोनदा आपटून माती झटकते, मगच तोंडात घालते. शेजारची न झटकताच खाते. हे एकदा लक्षात आलं की वेळ कसा जातो कळत नाही.

पायांची शुश्रूषा बघायला मिळाली तर सोडू नका. बंदिवासातल्या हत्तींना सर्वांत जास्त छळतात ते पाय आणि सांधे. वर्षानुवर्षं सिमेंटवर, स्वतःच्या मलमूत्रात उभं राहून तळवे फाटतात, नखांखाली पू होतो, आणि दुखणं हाडापर्यंत गेलं तर त्यातच हत्ती दगावतो. चांगल्या केंद्रात हत्ती गजांच्या पलीकडे असतो, माणूस अलीकडे. टोकाला कापड गुंडाळलेला बांबू पुढे धरला की हत्तीण आपणहून पाय उचलून गजांमधून लाकडी ठोकळ्यावर ठेवते. मग कोमट पाण्यात पाय शेकणं, कानशीने नखं घासणं, फटींतले खडे काढणं. प्रत्येक टप्प्याला एक कलिंगडाची फोड. मी पाहिलेल्या एका म्हातारीने तिसऱ्या नखापर्यंत आल्यावर पाय काढून घेतला आणि सरळ चालू लागली. माहुताने कानस धुतली, बादली उचलली, म्हणाला, ‘आज एवढंच.’ माझ्या कसोटीला याहून चांगला पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

हत्ती झुलतोय, म्हणजे खुशीत आहे ना?

आपल्याकडे ‘दारी हत्ती झुलत होते’ म्हणजे घर वैभवाचं. दुर्दैवाने झुलणं हे हत्तीच्या दृष्टीने वैभव नव्हे. जागच्या जागी डावी-उजवीकडे डोलत राहणं, डोकं एका लयीत वरखाली करणं, ही वर्षानुवर्षं बांधून ठेवल्याची खूण आहे. रानातले हत्ती असं करताना दिसत नाहीत.

पण केंद्रात एखादा हत्ती झुलताना दिसला म्हणून लगेच केंद्राला दोष देऊ नका. साखळी सुटली तरी सवय लगेच सुटत नाही. काहींची कधीच सुटत नाही. तो कधी झुलतो ते विचारा. जेवणाच्या वेळेआधी थोडा वेळ झुलणारा जुना हत्ती वेगळा आणि सगळेच हत्ती दिवसभर झुलतायत ती जागा वेगळी. खुशी बघायचीच असेल तर कान आणि शेपटी हळूहळू हलत असलेला, मातीच्या ढिगाला टेकून डुलकी काढणारा हत्ती शोधा. हे ढीग मुद्दाम घातलेले असतात. गुडघे धरलेल्या हत्तीला आडवं झाल्यावर उठता येत नाही, म्हणून तो कलत्या ढिगावर रेलून झोपतो.

साखळी किंवा अंकुश दिसला तर?

अंकुश सर्रास वापरात दिसला तर तिथून निघा आणि बुकिंग केलं त्यांना कळवा. साखळीबाबत मात्र थोडं थांबून विचारा. जखमेवर उपचार चालू असताना किंवा नर मदात असताना काही केंद्रं तात्पुरती, लांब साखळी वापरतात. कारण, मुदत आणि लांबी विचारल्यावर सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

एक गोष्ट कळकळीने सांगते: माहुताकडे खलनायक म्हणून बघू नका. अनेक माहूत त्या हत्तीबरोबरच केंद्रात आलेले असतात. पगार तुटपुंजा, धोका रोजचा, आणि हत्तीच्या पोटातली गडबड डॉक्टरच्या आधी त्यांना कळते. प्रश्न त्यांनाही विचारा.

नर हत्ती वेगळे का ठेवतात?

मदामुळे. वयात आलेल्या नराच्या गंडस्थळातून वर्षातून काही काळ मद गळतो, अंगातलं टेस्टोस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतं, आणि एरवी शहाणा असलेला हत्ती कुणाचंच ऐकत नाही. ‘मदोन्मत्त’ हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, पण तो मुळात इथला. अशा वेळी तो भाग बंद असतो. ‘लांबून तरी दाखवा’ असा हट्ट धरू नका. हत्ती ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने येऊ शकतो. तुम्ही नाही.

केंद्रात गोंडस पिल्लं आहेत. छान ना?

इथे भुवया वर गेल्या पाहिजेत. हत्तिणीचा गर्भकाळ १८ ते २२ महिन्यांचा, पिल्लू पुढे काही वर्षं आईवर अवलंबून. सोडवलेल्या हत्तींनाच जागा अपुरी पडत असताना केंद्र पिल्लं जन्माला घालतंय, तर बहुधा तिकिटं खपवण्यासाठी. अपवाद दोन. सोडवून आणली तेव्हाच हत्तीण गाभण असू शकते. दुसरा अपवाद खऱ्या अनाथालयाचा. नैरोबीचं शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथालय शिकारीत, दुष्काळात आई गमावलेली पिल्लं वाढवतं आणि मोठी झाली की त्सावोच्या रानात परत सोडतं. लोकांना तिथे दिवसातला एक ठरलेला तास मिळतो. बाकीचा वेळ पिल्लांचा.

मग बाकीच्या हत्तींनाही जंगलात का सोडत नाहीत?

परतीच्या गाडीत हा प्रश्न हमखास येतो. अनाथ पिल्लू दहा वर्षं हळूहळू रानाशी जुळवून घेऊ शकतं. पन्नाशीची, एका डोळ्याने आंधळी, लहानपणीच कळपातून तोडलेली हत्तीण काय करणार? कुठलं पाणी कोणत्या महिन्यात असतं हे हत्ती कळपातल्या वडीलधाऱ्या माद्यांकडून शिकतात, आणि तिला ते शिकवायला कुणी नव्हतं. भूक लागली की ती माणसांच्या वस्तीकडेच येणार, कारण अन्न तिथेच मिळतं एवढंच तिला ठाऊक. शिवाय माणसांत राहून जडलेला आजार ती रानातल्या कळपात नेऊ शकते.

मला थोडी सर्दी आहे. चालेल?

नको. हत्तीला माणसाकडून क्षयरोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. तुमची सर्दी साधीच असेल, पण केंद्राला ते दारात कळत नाही. खोकला असेल तर तारीख बदलून घ्या. चांगली केंद्रं कुरबुर न करता देतात.

काय घालावं, काय न्यावं?

मळले तरी चालतील असे मातकट रंगाचे कपडे, पाय झाकणारे बूट, टोपी, पाण्याची बाटली. अत्तर, सेंट अजिबात नको, आणि पिशवीत फळं तर नकोतच. २०१४ मध्ये आफ्रिकी हत्तीत वास ओळखणारी सुमारे २ हजार जनुकं मोजली गेली. तोवर तपासलेल्या कुठल्याही प्राण्यात एवढी नव्हती. पिशवीच्या तळाशी विसरलेलं केळ तुम्हाला आठवायच्या आधी त्याला कळलेलं असतं.

फोटो?

काढा, फ्लॅशशिवाय. ड्रोन नको, त्याच्या आवाजाने हत्ती बिथरतात. सोंड गळ्यात घेऊन सेल्फी मिळणार नाही. खरं तर असे फोटो ज्या केंद्राच्या जाहिरातीत दिसतात ते केंद्र यादीतून काढा.

लहान मुलांना न्यावं का?

सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना जरूर. त्याहून लहान मुलं अचानक धावतात, किंचाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. काही केंद्रांत वयाची अट असते, ती आधी बघा. मुलांना घरीच सांगून ठेवा की हत्तीला हात लावायला मिळणार नाही. फाटकाशी सांगितलं तर भोकाड ठरलेलं.

शुल्क एवढं जास्त का?

हत्ती पोसणं म्हणजे काय, हे आपल्या म्हणींनाही ठाऊक आहे. एका मोठ्या हत्तीला दिवसाला सुमारे १५० किलो चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागतं. त्यावर औषधं, माहुताचा पगार, जमीन. सुट्टी नाही, मंदी नाही. आणि गट लहान ठेवायचा तर तिकीट महागच होणार. स्वस्त तिकीट आणि तासाला बसभर माणसं, हे गणित जिथे दिसेल तिथे हत्ती जास्त राबतोय असं समजा.

पूर्वी मी हत्तीवर बसले आहे. आता जायला लाज वाटते.

मीही बसले होते. फोटो अजून आहे. मी हसते आहे आणि हत्तीचा डोळा चौकटीबाहेर कापला गेला आहे. केंद्रात येणाऱ्या मोठ्या लोकांपैकी निम्मे तरी असेच असतात. या, भोपळे चिरा.

खरंच जायलाच हवं का? न जाणं जास्त नैतिक नाही?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९९५ पासून हत्तींचं एक मोठं आश्रयस्थान आहे आणि ते पर्यटकांसाठी बंदच असतं. हत्ती बघायचे तर त्यांच्या कॅमेऱ्यांतून, घरबसल्या. तत्त्व म्हणून मला हेच सर्वांत पटतं. पण तेवढ्या देणग्या सगळ्यांना मिळत नाहीत, आणि ज्या भागात हत्तीची सफारी हाच रोजगार आहे तिथे सफारीविना पोट भरतं हे दाखवणारं केंद्र शेजारच्या छावणीलाही विचार करायला लावतं. म्हणून मी लोकांना नेते. वर्षातून एकदा, लहान गटाने. ज्यांना प्रवास नको त्यांनी तिकिटाची रक्कम चाऱ्यासाठी पाठवली तर केंद्राला अधिक आनंदच होतो.

चालता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना जमेल?

मचाण किंवा गाडीची सोय असलेलं केंद्र निवडा आणि आधी कळवा. वाट बहुधा कच्ची असते.

पाऊस आला तर भेट रद्द होते का?

विजा कडाडत नसतील तर नाही. हत्तींना पाऊस प्रिय, चिखल त्याहून प्रिय. सगळ्यांत लंगडी म्हातारीसुद्धा त्या दिवशी कधी कधी डबक्यात जाऊन बसते. तुम्ही रेनकोट आणा. छत्री नको. फटकन उघडली की हत्ती दचकतात, आणि दचकलेल्या हत्तीसमोर छत्री मिटत बसायला वेळ मिळत नाही.